तीस तासांत दुसरी विद्या : विद्यापरिषदा आणि अभ्यास मंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या विद्यापरिषदांचे व अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

विषय : ओपन इलेक्टिव्हच्या रचनेबाबत

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गणित शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा एप्रिल 2023 चा शासन निर्णय (जीआर) आल्यानंतर प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे काय होते ते आपल्याला सांगायला नको. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. ही अक्षरे एफवायच्या मुलांना समजावण्यासाठी आम्ही मदत कक्ष उघडतो आणि कक्षात बसलेल्या शिक्षकालाही समोर जीआरची प्रत लागते. त्याची तक्रार करायला मी लिहीत नाही. नवी घडी बसायला वर्ष-दोन वर्षे जातातच.

मला बोलायचे आहे ते त्या जीआरमधल्या एकाच अटीबद्दल. ओपन इलेक्टिव्ह (ओई), म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीला विद्यार्थ्याने निवडायचा खुला विषय, हा मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच असला पाहिजे, अशी ती अट. माझ्या मते अख्ख्या कागदात यापेक्षा मोलाचे वाक्य नाही. दहावीच्या निकालानंतर आठवडाभरात आर्ट्स, कॉमर्स, सायन्स असा शिक्का बसतो आणि तो जन्मभर पुसला जात नाही, अशी आपली रीत. तिला छेद देणारा नियम आला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटायला निघालेला मी एकटाच होतो. बाकीच्यांनी आधी वर्कलोडचा कागद काढला. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर निघाला.

ओईची यादी प्रत्यक्षात कशी तयार होते? कोणत्या विभागाला किती तास कमी पडतात ते पाहून. अमक्या विभागाचा कार्यभार दोन तासांनी घसरतोय, मग त्यांचा एक ओई घाला. तमक्या विभागात मंजूर पद रिकामे आहे आणि सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) सर दिवाळीनंतरच मिळतील, मग त्यांचा ओई दुसऱ्या सत्रात ढकला. उरलेल्या यादीतून मुलगा काय निवडतो? सगळे ओई एकाच वेळी असतात, तेही सकाळी पहिल्या तासाला, कारण नंतर मेजरची गर्दी. एसटी वेळेवर आली नाही की ओई बुडाला. तेव्हा जिथे हजेरीचा तगादा नाही आणि पेपर सोपा आहे तो ओई भरतो. इतिहासाच्या मुलाने गणित का घ्यावे किंवा रसायनशास्त्राच्या मुलीने तत्त्वज्ञान का घ्यावे, हा प्रश्न या साखळीत कुठेच कोणाला पडत नाही.

गणिताच्या वाट्याला जो दोन क्रेडिटचा ओई आला, त्यात टक्केवारी, सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि नफा-तोटा आहे. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. सातवी-आठवीपर्यंत झालेले गणित एकोणीस वर्षांच्या मुलांना तीस तासांत पुन्हा शिकवायचे.

एका सत्रात मला त्याचा कंटाळा आला. समोर बीएची मुले होती, बहुतेक इतिहास आणि मराठी मेजरची. मी त्यांना घरातली पाच रुपयांची जुनी जाड नाणी आणायला सांगितली. टाकसाळीतून बाहेर पडताना त्या नाण्याचे वजन नऊ ग्रॅम असायचे. केमिस्ट्रीच्या लॅबमधून डिजिटल काटा मागून आणला (लॅब असिस्टंटची मिनतवारी करून, आर्ट्सच्या पोरांच्या हाती काटा द्यायला ते तयार नव्हते). नाणी साबणाने धुतली, पुसली, वरच्या सालाप्रमाणे ढीग लावले आणि एकेक तोलत गेलो. एका मुलीच्या घरचे किराणा दुकान, तिने डबाभर आणली होती. जुन्या सालांच्या ढिगांची सरासरी कमी भरत होती, हे अपेक्षितच होते. मजा पुढे होती. जुन्या ढिगात वजने पांगलेलीही जास्त होती. एखादे नाणे जवळजवळ कोरे, एखादे पार गुळगुळीत. असे का, यावर वर्गात वाद झाला. एक नाणे कोणाच्या तरी कपाटात पडून राहते, दुसरे रोज दहा हात फिरते, हे त्यांनीच काढले. मग मी विचारले, नाण्यावर सालच छापलेले नसते तर? थोडा वेळ गेला आणि मागच्या बाकावरून उत्तर आले : सर, मग वजनावरून साल काढायचे. प्रमाण विचलन, म्हणजे या पांगण्याचे माप, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तोवर त्यांना त्याची गरज भासू लागली होती.

ही युक्ती माझी नव्हे. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींची आहे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतल्या आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्यांवर काम केले. त्या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल, नुसते ठसे. कोसंबींनी आधी त्यांच्या काळात चलनात असलेली नाणी तोलून झीज कशी होते ते तपासले आणि मग प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले. उलट्या बाजूवर जितक्या बारीक खुणा जास्त तितके वजन कमी, हे त्यांना आढळले. म्हणजे त्या खुणा नाणे वेळोवेळी पारखल्याच्या होत्या. मौर्यांच्या काळचा बाजार त्यांनी असा काट्यावर घेतला. याच माणसाने 1944 मध्ये गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरे काढण्याचे सूत्र दिले, ते आजही त्यांच्या नावाने वापरात आहे. 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालून, म्हसोबा-म्हातोबाच्या ठाण्यांवरून जुन्या वाटांचा माग काढला.

कोसंबींचे नाव घेतले की सभागृहात कोणीतरी म्हणतेच, अहो, ते अपवाद. असतीलही. पण आपल्याकडच्या विद्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास काढला तर असे अपवाद इतके निघतात की त्यांच्यामागे काही व्यवस्था होती का, हे पाहणे भाग पडते.

1821 साली विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. पैसा ब्राह्मण विद्वानांना दक्षिणा देण्यासाठी असलेल्या पेशव्यांच्या दक्षिणा फंडातला, म्हणजे विद्यार्थी कोण असणार ते उघडच होते. तिथे न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष, धर्मशास्त्र अशी शास्त्रे होती. 1851 मध्ये ती पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज झाले आणि त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज. या सांध्यावर उभे असलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर पाहा. अलंकार आणि न्याय शिकलेल्या या शास्त्रीबुवांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, अर्थशास्त्राची परिभाषा लिहिली, आणि निरनिराळ्या विद्यांची मूलतत्त्वे सांगणारे जे पुस्तक केले त्याचे नावच ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’. त्यांच्याकडे न्यायशास्त्राचा पक्का पाया होता. त्या पायावर उभे राहून ते नवी विद्या जोखत होते.

मुंबई विद्यापीठ 1857 चे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिलेले हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. तो गुण अजून गेलेला नाही, असे म्हटले तर रागावू नये. 1862 मध्ये पहिले चौघे बीए झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. भाषा, इतिहास, गणित, तर्क असा सगळ्यांना सगळे शिकायला लावणारा तो अभ्यासक्रम. इंग्लंडातल्या सद्गृहस्थाला शोभेल असे चौफेर शिक्षण, हा त्यामागचा आदर्श. तो आदर्श उसना होता, साम्राज्याच्या सोयीचा होता, हे खरेच. तरी त्याच शिदोरीवर रानडे भारतीय अर्थशास्त्र मांडायला बसले. पुढच्या पिढीत गणित घेऊन बीए झालेले टिळक नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ काढायला निघाले. त्यांचा निष्कर्ष आज कोणी धरत नाही, पण ऋग्वेदाला ज्योतिषाचे गणित लावून पाहण्याची हिंमत त्यांच्यात आली ती या शिक्षणातूनच.

विद्या वाढत गेल्या तसे त्यांचे विभाग झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. विसाव्या शतकात भांडारकरांसारखा एकटा माणूस शिलालेख, व्याकरण आणि धर्माचा इतिहास सगळे सांभाळेल अशी अपेक्षा धरणे वेडेपणाचे ठरले असते. पण विभाग जन्माला कसे आले ते विसरू नये. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 चा, देशातला सर्वांत जुना. तो ज्यांनी उभारला ते पॅट्रिक गेडिस वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि नगररचनाकार. त्यांच्याकडे कोणत्याच विषयाची पदवी नव्हती. आजच्या जाहिरातीला अर्ज केला असता तर छाननीतच बाद झाले असते. त्यांच्यानंतर विभाग सांभाळणारे गो. स. घुर्ये संस्कृतचे एमए. घुर्यांच्या हाताखाली शिकलेल्या इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झालेल्या; पुढे बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट, मग डेक्कन कॉलेज, आणि मग महाभारतावरचे ते लेखन, ज्यात नातेसंबंधांचा अभ्यास करणारी बाई कुंती-द्रौपदीकडे पाहते आहे हे ओळीओळीत कळते.

मग भिंती आल्या. बीएला जी-वन, एस-वन, एस-टू असे सामान्य आणि विशेष विषयांचे ठरीव पेपर आले, प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेचे विषय आले, पदांचे आरक्षणाचे रोस्टर विषयवार झाले. सत्तरच्या दशकात दहा-अधिक-दोन-अधिक-तीन आले आणि शाखेचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षावर आला. विद्यापीठीय शिक्षणावरच्या राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्येच सामान्य शिक्षणाची, म्हणजे सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि मानव्यविद्या दोन्ही शिकवण्याची शिफारस करून ठेवली होती. ती शिफारस पूजेला लागली. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी चौथी विद्याशाखाच काढली. म्हणजे भिंती ओलांडण्यासाठी आणखी एक खोली बांधली. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (एनईपी) बाणभट्टाच्या कादंबरीतल्या चौसष्ट कलांची आठवण काढून पुन्हा तेच सांगितले. सांगितलेले बरोबरच आहे. फक्त चौसष्ट कलांना प्रत्येकी दोन क्रेडिट दिले की विद्वान तयार होतो, असे बाणभट्टाने कुठे म्हटलेले नाही.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले अभ्यासक्रम पाहा. 1913 ते 1916 या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. ही यादी मी ओईच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. मुले बेरीज करतात : साठ. मग कोणीतरी म्हणतो, सर, निम्मे तर एकाच विषयाचे आहेत. तेच मला हवे असते. मेजर इतके भक्कम होते म्हणून चार मानववंशशास्त्राचे अभ्यासक्रम वाया गेले नाहीत. मे 1916 मध्ये जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध त्यांनी वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. आणि निबंध वाचला, हेही महत्त्वाचे. चार पर्यायांतला एक गोल काळा केला नाही.

त्याच कोलंबियाने 1919 पासून पदवीच्या पहिल्या पायरीवरच्या सर्वांना एक समान अभ्यासक्रम सक्तीचा केला, आजच्या संस्कृतीचे प्रश्न समजून घेण्याचा. हार्वर्डने 1869 नंतर मुलांना हवे ते निवडू देण्याची लाट आणली होती. पन्नास वर्षांत अमेरिकेतच लक्षात आले की निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे शिक्षण नव्हे. लग्नातल्या बुफेत प्रत्येक टेबलावरून एकेक चमचा घेऊन फिरणारा माणूस जेवला असे आपण म्हणत नाही. आपण मात्र एनईपीच्या नावाने हार्वर्डची 1869 ची पायरी 2024 पासून चढतो आहोत, तीही टेबलावर काय ठेवायचे ते वर्कलोडवरून ठरवून.

इथे महात्मा फुल्यांचा आक्षेप आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी विचारले होते की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का उधळता? प्राथमिक शाळेत त्यांना मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्य इतके सगळे हवे होते. म्हणजे व्यापक शिक्षण त्यांनाही हवेच होते. ते कोणाला मिळते, हा त्यांचा प्रश्न होता. तो अजून तसाच आहे. आज मोठ्या शहरांच्या आसपासची खाजगी विद्यापीठे ‘लिबरल आर्ट्स’ नावाने जे शिकवतात, त्याची वर्षाची फी लाखांत आहे. वर्गात वीस-पंचवीस मुले, मूळ ग्रंथांचे वाचन, दर आठवड्याला निबंध, आणि अर्थशास्त्राबरोबर नाटक घेता येते. तेच शब्द आमच्या प्रॉस्पेक्टसमध्येही आहेत. आमच्या वर्गात शंभर-सव्वाशे मुले, शिक्षक तासिका तत्त्वावर, आणि पुस्तक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स. आर्ट्सला कोण येते? सायन्सची फी आणि क्लास परवडला नाही तो, किंवा स्पर्धा परीक्षेसाठी नावाला पदवी हवी आहे तो. श्रीमंतांच्या घरी तीच कला शाखा आता प्रतिष्ठेची होऊ लागली आहे, आणि ती जिथे खऱ्या अर्थाने सार्वजनिक होती तिथे आपण तिचे तुकडे पाडतो आहोत.

तुम्ही म्हणाल, मुलांना नोकरी हवी आहे, कोसंबी नको. मुलांचे आईबापही हेच म्हणतात आणि त्यांचे चुकत नाही. पण मला सांगा, ‘नफा-तोटा’ शिकवणाऱ्या दोन क्रेडिटने कोणाला नोकरी लागली? नाणी तोलणाऱ्या त्या वर्गातली मुले आकडेवारी गोळा करणे, ती मांडणे, तीतून काय निघते आणि काय निघत नाही हे सांगणे शिकली. नोकरीच्या बाजारात याला किंमत आहे असे मला वाटते. नसली तरी मी ते शिकवीनच.

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि त्यांपैकी एकीलाही एकूण क्रेडिट वाढवावे लागत नाहीत.

पहिली, ओईचे दोन-दोन क्रेडिटचे तुकडे जोडून विद्यार्थ्याला एकाच परक्या विषयात सलग दोन सत्रे राहू द्या. तीस तासांत पाहुणचार होतो, ओळख होत नाही. इतिहासाच्या मुलाने वर्षभर संख्याशास्त्र शिकले तर त्याला त्याचा काही उपयोग सुचेल. पहिल्या सत्रात गणित, दुसऱ्यात ब्युटी अँड वेलनेस असे केले तर दोन्हीची आठवण उरणार नाही.

दुसरी, एक ओई दोन शिक्षकांनी मिळून शिकवण्याची मुभा द्या आणि ते तास दोघांच्याही कार्यभारात धरा. आज नाण्यांच्या तासाला इतिहासाच्या मॅडम माझ्यासोबत वर्गात उभ्या राहिल्या तर त्यांचा तो तास कुठेच लागत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास पुरे करायचे असतात, तिथे फुकटचा तास कोण देणार? तरीही त्या आल्या. त्यांच्या उपकारांवर अभ्यासक्रम चालू नये. हा एक नियम बदललात तर आंतरविद्याशाखीय म्हणजे काय, हे मुलांना दोन शिक्षक वर्गात वाद घालताना दिसेल.

तिसरी मागणी मूल्यमापनाची. ओईची परीक्षा बहुपर्यायी नको. सत्राअखेर हजार-दीड हजार शब्दांचा एक निबंध, मराठीत लिहायची परवानगी असलेला, आणि त्यावर पाच मिनिटांची तोंडी. तपासायला वेळ लागेल, हे मान्य. शंभर निबंध तपासायला मला जितका त्रास होईल तितकाच आनंदही होईल, कारण आज मुलाच्या हातचे सलग एक पानही मला वाचायला मिळत नाही. चॅटबॉट निबंध लिहून देतो हेही माहीत आहे. म्हणूनच तोंडी.

वाचनसाहित्य मराठीत नाही, ही सबब चालणार नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. तेही पाठशाळेत न्याय शिकलेले, आणि संपादन करत होते ते भौतिकीपासून संगीतापर्यंतच्या नोंदींचे. त्या नोंदी आज इंटरनेटवर फुकट आहेत. प्रत्येक ओईच्या अभ्यासक्रमात विश्वकोशातल्या चार नोंदी आणि मूळ ग्रंथातली वीस पाने सक्तीची करा, नोट्सचे दुकान आपोआप थंडावेल.

रिक्त पदे भरणे आपल्या हाती नाही, मला ठाऊक आहे. ते मंत्रालयाचे काम. पण ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा एकही पूर्णवेळ शिक्षक नाही, तिथे त्या विषयाचा ओई सुरू करायला मान्यता देऊ नये, असा ठराव विद्यापरिषद करू शकते. असा ठराव झाला तर आमच्याच महाविद्यालयातले दोन ओई बंद पडतील आणि प्राचार्य माझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत. तरी तो करा.

अभ्यासक्रमांचा फेरविचार करणाऱ्या बैठका लवकरच लागतील. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 ला प्रवेश घेतलेली पहिली तुकडी तोवर मेजरच्या वरच्या वर्गांत पोचलेली असेल. तिच्यातल्या पन्नास मुलांना बोलावून विचारा की ओईत काय शिकलात. अहवाल मागवू नका, महाविद्यालये तो छान लिहून पाठवतात. मुलांनाच समोर बसवा. नाणी तोलणाऱ्या वर्गातली चार-पाच मुले मी स्वखर्चाने घेऊन येईन, काट्यासह.

आपला,
एक गणित शिक्षक